भिंतीआडची पाचवी भाकर

खरं सांगू? तू गेलीस यावरही माझा अजून पुरता भरवसा बसलेला नाही. चौदा दिवस झाले. काल आपली लेक शांता सासरी संग्रामपूरला परत गेली, पाहुणे पांगले, घरात मी एकटा. तरी सकाळी चुलीकडे पाहिलं तेव्हा मनात पहिलं हेच आलं, की ही परसात कुठंतरी बसली असेल आणि मी काय करतो ते गुपचूप पाहून राहिली असेल. जन्मभर मी तुझ्यावर नजर ठेवली. आता तुझी बारी आली म्हणायची.

तुला वाचता येत नव्हतं आणि मला तोंडानं बोलता येत नव्हतं. भांडता तेवढं येत होतं. म्हणून कापसाच्या जिनातल्या एका जुन्या वहीची कोरी पानं काढून लिहायला बसलो आहे. कोणी विचारलं तर सांगेन की चिठ्ठी लिहितो. तसं कोणी विचारणार नाही.

मी असा संशयी का, हे तू मला कितीदा विचारलंस! "काऊन हो, तुमाले कोनावरच इस्वास नाइ का?" अवं, माझं पोटच त्याच्यावर चालत होतं. नांदुऱ्यात येणारी कापसाची गाडी आधी माझ्या काट्यावर यायची. वरून पाहावं तर माल पांढराधोट, आणि आत पाणी मारलेलं. गाडीवाल्याला विचारून कोण खरं सांगतं? म्हणून मी विचारतच नसे. तो बिडी पेटवायला वळला की कोपरापर्यंत हात आत घालायचा, मधली मूठ काढायची आणि गालाला लावायची. ओल हाताला कळत नाही, गालाला कळते. एक मूठ ओली लागली की सगळी गाडी वापस. माणूस रडला तरी वापस. असं सव्वीस वर्षं केलं, आणि संध्याकाळी तेच हात, तोच गाल घेऊन मी घरी येत होतो.

आणि घरी काय, तर ती भिंत. आपलं हे धाब्याचं घर, पुढं पश्चिमेकडं तोंड केलेली ओसरी, मग माजघर, आणि त्याच्या मागं भिंतीआड तुझं स्वयंपाकघर. त्याला एक दार माजघरात, एक परसात, आणि हातभर झरोका. तोही सरपणाच्या पऱ्हाट्यांच्या ढिगानं अर्धा बुजलेला. घरोघरी तसंच होतं. आपल्याकडं चूल झाकलेलीच ठेवायची रीत. घरात काय शिजतं, किती शिजतं, वरणावर तूप आहे की नाही, हे आल्यागेल्याला दिसू नये. माझ्या मायनं त्याच भिंतीआड जन्म काढला आणि तिनं कधी कुरकुर केली नाही. निदान मला ऐकू आली नाही.

तू मात्र रेल्वेच्या माल-बाबूच्या बायकोकडं पापड लाटायला गेलीस आणि तिथून खूळ घेऊन आलीस. त्यांच्या क्वार्टरात म्हणे चूल आणि बैठक एकाच खोलीत, मध्ये भिंतच नाही.

"आवो, मी म्हन्ते, ते भिंत काढून टाका. सैपाक माजघराले जोडून घ्या."

"कायले?"

"धूर होते."

"धूर काय आजच होऊन राह्यला? वीस वर्षं नव्हता?"

त्यावर तू गप्प. आणि तू गप्प बसलीस की मला हटकून वाटायचं, मधली मूठ ओली आहे. नुसत्या धुरासाठी कोणी घर पाडायला निघत नाही. मी मनातल्या मनात पारख लावली. हिला ओसरीवरच्या पुरुषांच्या गोष्टी ऐकायच्या असतील. शेजारच्या करीम मिस्त्रीनं कामाच्या आशेनं डोक्यात भरवलं असेल. नाहीतर त्या माल-बाबूच्या बायकोची बरोबरी करायची असेल. खरं कारण सोडून जगातली सगळी कारणं मी शोधली.

एकदा तर तू हद्दच केलीस. ओसरीवर जिनातली चार माणसं बसली होती. मी पेपर वाचून दाखवत होतो, इंग्रजानं वऱ्हाड नागपूरच्या कारभाराखाली नेलं त्याचं काहीतरी होतं. आतून तुझा आवाज आला, "साहेबानं अख्खं वऱ्हाड नागपूरले जोडलं, अन् यायले एक सैपाकघर माजघराले जोडनं होत नाइ!" चौघं असे हसले की पेपर खाली ठेवावा लागला. मी आठ दिवस तुझ्याशी धड बोललो नाही. आज सांगतो, मलाही हसू आलं होतं. मिशीआड दाबलं.

आता पाचव्या भाकरीचं. हे मी तुला कधी पुरतं सांगितलं नाही, तूही मला सांगितलं नाहीस, आणि आपला खरा झगडा तोच होता.

शांता सासरी गेल्यावर आपण दोघंच उरलो. मी संध्याकाळी माजघरात भिंतीला टेकून बसायचो आणि पलीकडं तू भाकरी थापायचीस. परातीत पट् पट् चालायचं, थांबायचं, मग तव्यावर टाकल्याचा चर्र आवाज. मला काय, मोजायची सवय. पाच व्हायच्या. आणि ताटं मांडलीस की दुरडीत चार असायच्या. मला वाटलं, एखाद दिवशी कान चुकला असेल. दुसऱ्या दिवशी मोजलं, तिसऱ्या दिवशी मोजलं. कानानं पाच, डोळ्यानं चार. पाचवी कुठं जायची?

त्यातच तुझं ते "कोन?" रोज मी दिवेलागणीच्या आधी येणार, त्याच करकरणाऱ्या वहाणा घालून येणार, आणि तू आतून विचारणार, "कोन हाय?" मी दारात उभा राहिलो, तुझ्या पुढ्यात उभा राहिलो, तरी "कोन?" मला त्याचा राग यायचा. या वेळेला या घरात दुसरं कोण येतं, ज्याच्यासाठी विचारावं लागतं?

मग माझ्या डोक्यात नारायण आला. तुझा धाकटा भाऊ. अमडापूरहून घाट उतरून तो आपला कापूस घेऊन आला होता, बहिणीच्या नवऱ्याचा काटा म्हणून मोठ्या भरवशानं आला होता, आणि मी त्याची गाडी वापस केली होती. तो म्हणत राहिला, "भाऊजी, रातचं दव हाय हो, पानी नाइ मारलं, मायची आन." मी ऐकलं नाही. घरी आल्यावर तू रडलीस आणि मी दारातच ओरडलो, "भाऊ असो का कोनी असो! खोटा माल मी ठेवून घेत नसतो. वापस म्हंजे वापस!" त्यानंतर नारायणानं आपल्या उंबऱ्यात पाय टाकला नाही. म्हणून मी ठरवून टाकलं की तो मागच्या दारानं येतो, आणि माझ्या घरची पाचवी भाकर खाऊन, मलाच शिव्या देऊन जातो.

एक दिवस जीन उशिरा सुटला. मी वहाणा ओसरीखाली काढल्या आणि अनवाणी आत आलो. चोरासारखा, माझ्याच घरात. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. तू चुलीपुढं बसलेली. तव्यावरची भाकर तू हातानं उचललीस, बोटांनी तिची कड चाचपलीस, नाकाशी नेलीस. मग मान वर करून थेट माझ्याकडं पाहिलंस. माझ्या तोंडाकडं. दोघांमध्ये चार हात अंतर नव्हतं. मी श्वास धरून उभा, आता ही घाबरेल, काहीतरी बहाणा करेल. तू काहीच केलं नाहीस. माझ्या डोळ्यांदेखत ती भाकर पदराखाली घातलीस, उठलीस आणि परसाच्या दारानं बाहेर गेलीस.

केवढी ही हिंमत! नवरा समोर उभा आहे आणि बाई त्याच्या तोंडावर पाहून भाकर घेऊन चालली! मी परसात पोचेपर्यंत तू हात झटकत परत येत होतीस. विचारलं असतं तर? एक शब्द, "कुठं नेली?" एवढंच. पण विचारायची मला सवय नव्हती. माल विचारून पारखत नसतात ना.

त्याच संध्याकाळी जेवताना मी म्हणालो, "पाडू भिंत."

तुझा हात ताटावरच थांबला. "खरंच?"

"हाव. करीमले सांगतो उद्या."

काय खुश झालीस तू! मला एक भाकर जास्तीची वाढलीस. तुला वाटलं, नवऱ्यानं ऐकलं. अवं, मी ऐकलं नव्हतं. मला तुझा चोर पकडायचा होता. भिंत गेली की पाचवी भाकर कुठं जाते ते मला बसल्या जागी दिसणार होतं. तू ज्या भिंतीसाठी दोन वर्षं माझ्या मागं लागलीस, ती मी तुझ्यावरच्या संशयापायी पाडली.

करीम मिस्त्रीनं आधी तुळई घातली, खाली सागाचे दोन खांब दिले आणि मग वरून माती उतरवायला सुरुवात केली. दोन पिढ्यांची काजळी खाली आली. मी आणि करीम काळे झालो, शेजारचे लोक पाहायला आले, माझा चुलतभाऊ म्हणाला की आता यांच्या घरचं वरण अख्खं नांदुरं पाहणार. तिसऱ्या प्रहरी शेवटचा थर उतरला आणि ओसरीवरून उन्हाचा पट्टा सरळ चुलीपाशी गेला. त्या जागेला ऊन असं पहिल्यांदाच लागलं असेल. तू त्या उजेडात येऊन उभी राहिलीस, मला जवळ बोलावलंस आणि माझ्या तोंडाकडं निरखून पाहू लागलीस.

"आवो, तुमच्या मिशा पांढऱ्या झाल्या! कवा झाल्या?"

करीम खो खो हसला. माझ्या मिशा पांढऱ्या होऊन चार वर्षं झाली होती. मला वाटलं, तू परक्या माणसासमोर माझी टर उडवते आहेस. मी फणकाऱ्यानं म्हणालो, "चार वर्सं तोंड कोनाचं पाहून राह्यली होती मंग?" तू पदर तोंडाला लावलास. मी समजलो की हसते आहेस.

आणि त्या संध्याकाळी मी समोर पाट मांडून बसलो. लोक जत्रेत तमाशाला बसतात तसा. तू पाच थापल्यास. पाच भाजल्यास. पाचही दुरडीत आल्या. दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशीही पाच. तुझं "कोन?"सुद्धा बंद झालं. आता बोल! मला काय वाटलं असेल? चोराला वाट उरली नाही, म्हणून येणं बंद झालं. मी जिंकलो होतो. चौथ्या दिवशी मला राहवलं नाही.

"आता कशी पाचवी भाकर बाहेर आली?"

तुझे हात परातीत थांबले. मग तू मान खालीच ठेवून म्हणालीस, "हाव. आता उजीड आला ना."

मी तो कबुलीजबाब समजलो, आणि मनानं तुला माफही करून टाकलं! काय माझा मोठेपणा. पुढची तीन वर्षं मी त्या माफीच्या तोऱ्यात तुझ्यासमोर बसून जेवलो. मधल्या काळात एकदा तू बाजारात माझ्या अंगावरून न बोलता निघून गेलीस, तेव्हा मी म्हटलं, नारायणाचा राग अजून आहे. ज्वारी निवडताना तू खडे बोटांनी शोधायचीस, तेव्हा म्हटलं, लक्ष कुठंतरी दुसरीकडं आहे. मागच्या हिवाळ्यात "कोन?" पुन्हा सुरू झालं, आणि खोटं कशाला बोलू, संशयाचा तो जुना किडा पुन्हा वळवळला. तापानं तू अंथरुणाला खिळलीस तेव्हासुद्धा मी पायाशी येऊन बसलो की विचारायचीस, "कोन?" मी म्हणायचो, "मीच हाय, दुसरं कोन येनार?" आवाजात धार असायची. ती धार तुला ऐकू येत होती. आता ती परत घेता येत नाही.

दहाव्याला नारायण आला. तुझ्यासारखाच दिसतो, कपाळ तेच. त्या उघड्या माजघरात खांबाला धरून उभा राहिला आणि चुलीकडं पाहून रडला. मला म्हणाला, "भाऊजी, गाडी वापस केली त्या दिवसापासून तुमच्या घरचा घोट पानी नाइ घेतला मी. अक्का सांगावा धाडे, ये म्हने. आलो नाइ. आता वाटते, यायले पाह्यजे होतं." मी त्याच्या तोंडाकडं पाहत राहिलो. त्याच्या रडण्यात पाणी मारलेलं नव्हतं. मग ती भाकर?

पाहुणे गेल्यावर, आज दुपारी, करीमची बायको खातूनबी मागच्या दारी आली. बरोबर तिची ती चितकबरी शेळी. शेळी सरळ आपल्या परसाच्या दारात येऊन उभी राहिली आणि आत पाहू लागली. मी हाकललं तर हलेना.

खातूनबी म्हणाली, "राहू द्या भाऊ, मुकं जनावर हाय, त्याले काय मालूम. तुमची घरवाली रोज शामले तिले जळेल भाकर खाऊ घाले. भिंत पडली तवापासून बंद झालतं, पन ते येतेच."

"जळेल भाकर?"

ती माझ्याकडं पाहतच राहिली. "या अल्ला. तुमाले मालूम नव्हतं? तिचे डोये गेलते ना भाऊ. मोतीबिंदू. धुरात अन् अंधारात तिले कायबी दिसत नव्हतं. शेवटची भाकर तव्यावर टाके तवा झरोक्यातला उजीड सरलेला राहे. ते हमखास जळे."

मी ओरडलोच. "मंग मले सांगतलं काऊन नाइ? अकोल्याले डागदर हाय, लोकाइचे मोतीबिंदू काढते, मी नेलं असतं तिले! बैलगाडीत घालून नेलं असतं!"

खातूनबीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. सांगावं की नाही, असं तिला झालं असेल. मग खाली पाहत म्हणाली, "मी म्हन्लं होतं तिले, सांग म्हून. ते म्हने, नको बाई. हे खोटा माल ठेवून घेत नाइ. सख्ख्या भावाची गाडी वापस केली. मले आंधळीले ठेवतीन का? मलेबी अमडापूरले वापस धाडतीन."

खातूनबी गेली आणि मी परसाच्या दारातच खाली बसलो.

मूर्ख बाई! हो, म्हणणारच. मूर्ख! कापसाचं बोललो होतो मी. कापसाचं! तुला वापस पाठवलं असतं? तुला? तू माझ्याबद्दल एवढंच ओळखलं होतंस? आणि मग वाटतं, दुसरं काय ओळखायला ठेवलं होतं मी? या घरात माझ्या तोंडून तू जन्मभर काय ऐकलंस, तर ओला, खोटा, वापस. तुलाही माझा संशय आला, आणि तो माझ्यापेक्षा जास्त खरा असायला जागा होती. त्या दिवशी तू माझ्या तोंडाकडं थेट पाहिलंस तेव्हा समोर तुला फक्त अंधार दिसत होता. मी तिथं उभा होतो, हे मी आज कबूल करतो. तुला ते ठाऊक नव्हतं ना? की माझा वास आला होता आणि तरी गेलीस? बघ, अजून विचारतोच आहे.

नारायणाच्या गाडीचंही सांगून टाकतो. त्या रात्री दव पडलं होतं. सकाळी काट्यावर आलो तेव्हा माझ्याच वहाणा ओल्या झाल्या होत्या. मला ठाऊक होतं. पण बायकोच्या भावाचा माल घेतला असं कोणी म्हणू नये, म्हणून वापस केला. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. तुला सांगितलं असतं, तर तू मला डोळ्यांचं सांगितलं असतंस.

मिशांबद्दल मात्र तुझे उपकार आहेत. चार वर्षांनी तुला माझं तोंड दिसलं, आणि पहिल्याप्रथम तू ते पाहायला मला जवळ बोलावलंस. चूल पाहिली नाहीस, तवा पाहिला नाहीस. भिंत मी कोणत्याही कारणानं पाडली असो, तीन वर्षं तुला उजेड मिळाला, हे धरून मी आज बसलो आहे.

शांता जाताना म्हणाली, "बाबा, शेजारून भाकरी मागवत जा." मी मागवल्या नाहीत. आज संध्याकाळी पीठ मळून तुझ्याच परातीत थापायला बसलो. पहिली तुटली. दुसरी कशीबशी तव्यावर गेली. तोवर ओसरीवरचं ऊन निघून गेलं होतं, चिमणी लावायची राहिली होती, आणि नाकाला वास आला तेव्हा ती एका अंगानं काळी पडली होती. मी काय केलं ठाऊक आहे? घाईनं उचलली, इकडं तिकडं पाहिलं, उपरण्याखाली धरली आणि परसाच्या दाराकडं चालू लागलो. शेळी दारातच उभी होती.

तिथं थांबलो. या घरात जळकी भाकर पाहून संशय घेणारा एकच माणूस होता, आणि भाकर त्याच्याच हातात होती.

मग परत आलो. चिमणी लावली, चांगली मोठी केली. खांबापाशी, जिथं भिंत होती तिथं, पाट टाकला. भाकर ताटात उघडी ठेवली, काळी बाजू वर करून, आणि सगळी खाल्ली. कडू होती. तू इथंच कुठं बसून पाहत असशील तर पाहून घे. लपवली नाही.